शनिवारी सहाच्या आत

गेल्या महिन्यात डिचोलीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि एक भलंमोठं स्मृतिचिन्ह. घरात ठेवायला जागा नाही, म्हणून ते सध्या वॉशिंग मशीनवर उभं आहे. निवृत्त फुटबॉलपटूचा सत्कार म्हणजे तासाभराचं काम, असं मला वाटलं होतं. पण सूत्रसंचालकाने मला 'पेडण्याचे सुपुत्र' म्हटलं आणि पहिल्या रांगेतून माझे कोल्हापूरचे थोरले काका उठून उभे राहिले. "सुपुत्र बापाच्या गावाचा असतोय," ते म्हणाले. माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मग हळर्णहून आलेल्या मामांनी बसल्या जागेवरून सांगितलं की लेकरू आईच्या कुशीतून येतं, बापाच्या गावातून नव्हे. प्रमुख पाहुणे घड्याळ बघू लागले. मी शाल पांघरून घामाघूम. मी डिचोलीत जन्मलो, डिचोलीत वाढलो, सत्कार डिचोलीकरांनी ठेवला, आणि डिचोलीचं नाव मात्र कोणी काढेना.

हे माझ्या जन्मापासून चाललेलं आहे. आता गुडघा गेला, खेळ संपला, तरी ह्यांचं संपत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढावं म्हटलं. विशेषतः तो शनिवार. त्याबद्दल मला लोक अजून विचारतात, "तू कोलकात्याला का नाही गेलास रे?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरं सांगायला अर्धा तास लागतो आणि शेवटी ऐकणारा हसतो.

पप्पा कोल्हापूरजवळच्या एका गावातले. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आले. आई पेडणे तालुक्यातल्या हळर्णची, शेतकरी घरातली. टायपिंग शिकायला डिचोलीत मावशीकडे राहत होती. मावशीच्या घरामागच्या खोलीत पप्पा भाड्याने राहत. पुढचं सांगायला नको. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि दोन्ही घरांची तोंडं फिरली. कोल्हापूरचं घर वर्षभरात निवळलं. हळर्णचं निवळलं नाही. आजोबांनी निरोप धाडला की मुलीने उंबरा ओलांडला तो ओलांडलाच, आता परत ओलांडायचा नाही.

आजोबांच्या रागाचं आईला फार वाटलं नाही, त्यांचा स्वभाव तिला ठाऊक होता. तिला लागलं ते वेगळंच. हळर्णला ग्रामदेवतेच्या देवळात घरच्या लेकीने वर्षातून एकदा ओटी घेऊन यायचं असतं, मग ती लग्न होऊन कुठेही गेलेली असो. आईची ती ओटी बंद झाली. दरवर्षी त्या दिवशी ती आमच्या घरी नारळ आणि खण ताटात काढायची, दिवसभर ते ताट देवासमोर ठेवायची आणि संध्याकाळी नारळ फोडून त्याची सोलकढी करायची. लहानपणी मला वाटायचं, तो सोलकढीचा सण आहे.

फुटबॉलचं सांगायचं तर आणखी डोकं फिरतं. वर्तमानपत्रांत माझ्याबद्दल जेव्हा जेव्हा छापून आलं तेव्हा 'गोव्याच्या मातीतला फुटबॉल' हे शब्द ठरलेले. अरे बाबांनो, आमच्या उत्तरेकडच्या मातीत तेव्हा क्रिकेट होतं, व्हॉलीबॉल होता. फुटबॉल हा दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडचा खेळ. मला फुटबॉल शिकवला तो कोल्हापूरने. तिकडे पेठापेठांतून तालमींचे संघ असतात, आणि आपल्या संघासाठी माणसं भाऊबंदकी विसरतात किंवा नवी सुरू करतात. पप्पा तरुणपणी एका तालमीचे गोलरक्षक होते. गोव्यात आल्यावर पाना-स्पॅनर हातात आला आणि चेंडू सुटला. मी सहा वर्षांचा झालो तेव्हा वर्कशॉपमागच्या लाल मैदानावर दोन तेलाचे डबे उभे करून ते मधे उभे राहिले आणि म्हणाले, "मार." एवढंच माझं प्रशिक्षण. दहा वर्षं ते 'मार' म्हणत राहिले आणि मी मारत राहिलो.

पुढे मडगावकडे निवड चाचणीला गेलो, तर तिथल्या कोचने कागद वाचून मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "दिवचलचो? आवय पेडण्याची? तुमी क्रिकेट खेळटात न्ही रे?" दिवचल म्हणजे आमची डिचोली. मी डाव्या पायाने तीन क्रॉस टाकले तेव्हा गप्प झाला. मग नाव-आडनाव नीट वाचलं आणि म्हणाला, "आं, घाटी." म्हणजे आधी मी गोव्यातल्या चुकीच्या तालुक्याचा होतो, आणि मग गोव्याचाच नव्हतो. मे महिन्यात कोल्हापूरला जावं तर तिथली पोरं "ए फेणी, पास दे की!" म्हणून हाका मारायची. मी फेणीचा वासही घेतलेला नव्हता. व्यावसायिक झालो, गोव्यातल्या क्लबकडून लीग खेळू लागलो, तरी कडेला उभं राहून कोणीतरी ओरडायचंच, "ए घाट्या, धाव मरे!" मी डावा बॅक. टचलाइनला चिकटून खेळावं लागतं, त्यामुळे सगळं नीट ऐकू येतं.

मी विसाच्या आसपास असताना आजोबा गेले. त्याच सुमारास पेपरात माझा फोटो आला, आणि एके दिवशी म्हापशाच्या मैदानावर आईच्या शेजारी एक माणूस येऊन बसला. तो मामा. आईचा थोरला भाऊ. सोबत केळीच्या पानात बांधलेले पातोळे. आई मॅच सोडून रडत होती आणि मामा तिला ऑफसाइड समजावून सांगत होते. चुकीचा समजावत होते.

त्या दिवसापासून मामा आमच्याकडे येऊ लागले. आईशी बोलत, माझ्याशी भरभरून बोलत. पप्पांशी बोलत नसत. भांडण नाही, वाकडं तोंड नाही. फक्त बोलायचं नाही. आमचा हॉल दहा बाय बाराचा. त्यात मामा एका खुर्चीत, पप्पा दुसऱ्या खुर्चीत, मधे दोन हात अंतर, आणि मी दुभाष्या. कोर्टाने खाणी बंद केल्या तेव्हाचा हा एक नमुना.

"तुज्या पप्पांक विचार, खाण केन्ना सुरू जातली?"

"सांग, कोर्टाचं काय खरं न्हाई म्हणावं."

"सांग, चा थंड जाता."

"सांग, घेतो."

दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. मी निरोप पोचवायच्या आधीच उत्तर तयार असायचं, पण मी तोंड उघडून ते वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत दोघेही थांबत. नियम तो नियम. सहा-सात वर्षं मी हे केलं. मैदानावर नव्वद मिनिटं धावून मी दमलो नाही तेवढा त्या हॉलमध्ये दमलो.

आता तो आठवडा. मी सव्वीस वर्षांचा होतो. मोसम चांगला गेला होता, आणि गुरुवारी सकाळी कोलकात्याच्या एका मोठ्या क्लबचा फोन आला. त्यांचा डावा बॅक जखमी झाला होता. खेळाडू नोंदवायची मुदत शनिवारी संपत होती. करार ईमेलने पाठवतो, प्रत्येक पानावर सही करून, स्कॅन करून, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत परत पाठवा, नाहीतर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल, असं त्यांचा मॅनेजर स्वच्छ हिंदीत म्हणाला. साठ हजार लोकांसमोर खेळायचं, टीव्हीवर दिसायचं, हे माझं पोरवयापासूनचं वेड. डिचोली बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन मी करार छापून आणला. अकरा पानं. सही करून त्याच वेळी परत पाठवला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण मी घरी येऊन आईला सांगितलं. आई आनंदली, देवासमोर साखर ठेवली, आणि मग मामांना फोन लावला. मामा म्हणाले, एवढी मोठी गोष्ट, लेकरू एवढं लांब जाणार, देवीला विचारल्याशिवाय कसं? उद्या सकाळी या. ह्या आठवड्यात देवळाची पाळी आमचीच आहे. आणि हिला घेऊन ये, म्हणाले. आईला.

आईने फोन ठेवला आणि ती बराच वेळ टेलिफोनच्या स्टुलावरच बसून राहिली. सत्तावीस वर्षांनी तिला माहेरच्या देवळात बोलावलं होतं, तेही तिच्या भावाने. तिच्यासाठी नव्हे, माझ्या कराराच्या निमित्ताने, पण बोलावलं होतं. तिचा चेहरा बघून मी अकरा पानं गुपचूप पिशवीत ठेवली. एक दिवसाने काय बिघडतं, असा विचार केला. मी मूर्ख होतो.

शुक्रवारी मी आणि आई बसने हळर्णला गेलो. पप्पा मागून स्कूटरवरून आले आणि देवळाबाहेर वडाखाली थांबले. त्यांना आत यायला कोणी अडवलं नव्हतं, पण कोणी बोलावलंही नव्हतं. मागे दोन-तीन जत्रांनाही मला सोडायला आले तेव्हा ते असेच बाहेर उभे राहिले होते, गाडीला टेकून, हाताची घडी घालून. देवळाला तिन्ही बाजूंनी भिंत नाही, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे देवाला विचारायचं असलं की भटजी मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला खड्या आवाजात आपलं काम सांगायचं. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. समोर देवी असली तरी म्हाराजाच. ही साथ मिळाली नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं मानतात. मग वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

पण आमचं गाऱ्हाणं सुरूच होईना. भटजींनी मला विचारलं, "कुळ खंयचें?"

"आमचें," मामा म्हणाले.

"आवयचें न्ही. बापायचें विचारतां."

"बापूय कोल्हापूरचो."

"मागीर तांच्या देवाक विचारूंक जाय. ह्या देवीक कशें विचारतलो?"

देवस्थानाचा हक्क बापाकडून येतो, आईकडून नाही, हे मामांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते स्वतः महाजन, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत हक्कदार. तरी अर्धा तास भांडले. लेकरू ह्याच पाण्यावर वाढलं, ह्याच देवीचा अंगारा लावून खेळतं, वगैरे. अंगारा मी कधीच लावलेला नव्हता, डिचोलीला पाणीही हळर्णचं येत नव्हतं, पण मी गप्प राहिलो. शेवटी भटजी कंटाळले आणि पाकळ्या लावल्या. मामांनी गाऱ्हाणं घातलं. आईने पदर डोक्यावर घेऊन हात जोडले होते.

एक तास गेला. पाकळ्या ढिम्म. दुसरा तास गेला. उकाडा असह्य झाला होता. तेवढ्यात देवळात आलेल्या कोणा भल्या माणसाला आमची दया आली आणि त्याने पंखा लावला. पंखा फुल स्पीडवर होता. डावी पाकळी टपकन पडली.

पुढचा एक तास ही डावी पाकळी धरायची की नाही ह्यावर वाद. एक गट म्हणे, पंख्याने पाडली, कौल नव्हे. दुसरा गट म्हणे, पंखा लावायची बुद्धी त्याला कोणी दिली? तिसऱ्या एकाने पंखा देवळाला कोणी दान दिला त्यावरून विषय काढला, आणि तो वेगळाच पेटला. मामा मधे बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी निकाल दिला. "आयज परत विचारूंक जायना. सोमारा विचारूंया."

"मामा, सोमवारी नाही चालणार," मी म्हटलं. "शनिवारी सहाला मुदत संपते."

"देवीक तुमचें सा वाजतलें कितें खबर?" मामा म्हणाले. त्यांना हे उत्तर पुरेसं वाटलं.

घरी पोचतो तर कोल्हापूरहून थोरल्या काकांचा फोन. त्यांना बातमी कशी लागली हे मला आजवर कळलेलं नाही. "आमच्या घरातल्या पोराचा कौल दुसऱ्याच्या देवाला लावताय व्हय? आपला देव मेला काय?" असं सुरू झालं. ते त्याच दुपारी डोंगरावर आमच्या कुलदैवताकडे गेले, आणि संध्याकाळी पुन्हा फोन. "उजवा दिलाय! सरळ दिलाय. काय पंखाबिंखा न्हाई. जा तू."

आता माझ्याकडे दोन देव होते. एक जा म्हणत होता, एक बहुतेक नको म्हणत होता, आणि कोलकात्याचा मॅनेजर तासातासाला मेसेज करत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, "आई, मी सही करतो. सोमवारपर्यंत थांबलो तर सगळं जाईल."

"कर," आई म्हणाली. "तू वच. माका कांय विचारूं नाका." आणि तिने कढई अशी आपटली की भिंतीवरची गाळणी खाली आली.

ती रागावली नव्हती, हे मला कळत होतं. ती घाबरली होती. देवीचा कौल डावलून मी गेलो, की देवळात बोलावलेल्या लेकीने पहिल्याच दिवशी देवीचा मान मोडला असं होणार. मामांनी सगळ्या महाजनांसमोर तिच्यासाठी तोंड वाजवलं होतं. ते तोंडावर पडणार. मग ओटी कसली आणि माहेर कसलं. मी सव्वीस वर्षांचा बाप्या, राज्यातला चांगला डावा बॅक, आणि माझ्याच्याने अकरा सह्या होईनात. मला स्वतःचा राग आला, मामांचा आला, काकांचा आला, त्या पंखा लावणाऱ्याचा तर आजही येतो. पप्पा हॉलमध्ये बसून नेहमीसारखे बातम्या बघत होते. त्यांचाही राग आला. ह्या माणसाला कशाचंच काही कसं वाटत नाही, असं मनात आलं.

शनिवारी दुपारी चार वाजता पप्पांनी स्कूटर बाहेर काढली. "बस," म्हणाले.

"कुठे?"

"कागद घे आन् बस."

पप्पांच्या स्कूटरवर बसायला माझे टीममधले मित्र घाबरत. आयुष्य यंत्रं दुरुस्त करण्यात गेलं, त्यामुळे यंत्र म्हणजे पिळायचीच चीज असा त्यांचा समज. खड्डा आला तर ते वेग कमी करत नसत, वाढवत. अर्ध्या तासात आम्ही हळर्णला. मामा देवळात होते, पाळीचं काम चाललं होतं, समया पुसत होते. भटजी नुकतेच दुपारची झोप काढून आलेले. आणखी चार-पाच माणसं खांबांना टेकून बसलेली.

पप्पांनी चपला काढल्या. वडाखाली नव्हे, देवळाच्या पायरीशी. मग पायरी चढून आत गेले आणि गाभाऱ्यासमोर उभे राहिले. सगळे बघायला लागले. मामांच्या हातातलं फडकं थांबलं.

पप्पांनी हात जोडले आणि मोठ्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. इतकी वर्षं बाहेर वडाखाली उभं राहून ऐकलेलं असणार. चाल बरोबर होती, भाषा मात्र सगळी कोल्हापूरची.

"हे आई म्हाराजा. मी घाटावरचा. तुझ्या गावची लेक मी कुणाला न विचारता नेली. सत्तावीस वर्सं झाली."

ते थांबले. इथे साथ द्यायची असते. कोणीच काही बोललं नाही. खांबाशी बसलेला एक म्हातारा दुसऱ्याकडे बघायला लागला.

"चूक असंल तर ती माझी. तिची न्हाई," पप्पा पुढे म्हणाले. "तिची वटी तू बंद करू नको."

पुन्हा साथ नाही. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा राबलेला माझा बाप परक्या देवळात उभा राहून एकटाच बोलत होता, आणि त्याचं बोलणं, इथल्या नियमाने, कुठेही पोचत नव्हतं. मी स्वतःच साथ देणार होतो, पण माझी साथ इथे धरतात की नाही हेच मला माहीत नव्हतं.

"पोरगं माझं हाय तसं तुझंबी हाय. त्याला खेळाय जाऊ दे. आन् परत येऊ दे. एवढंच मागनं."

मामांनी समई खाली ठेवली.

"व्हय म्हाराजा," मामा म्हणाले.

मग खांबाजवळचा म्हातारा म्हणाला, मग भटजी म्हणाले. पप्पांनी एकदा मान वळवून मामांकडे बघितलं आणि पुन्हा देवीकडे. मी विचारलं, "मामा, पाकळ्या?" तर मामा माझ्यावर खेकसले, "पाकळ्यो कित्याक आतां? गाऱ्हाणें घातलें मरे! सही कर, वच!"

देवळाच्या पायरीवर बसून मी अकरा पानांवर सह्या केल्या. शेवटची सही झाली तेव्हा पाच वाजले होते. हळर्णात त्या दिवशी लाइट गेलेली, जवळचं दुकान बंद. पण काळजी नव्हती. पप्पांची स्कूटर, अर्धा तास, डिचोलीचा झेरॉक्सवाला, आणि मग अर्धा तास हाताशी शिल्लक. मी मागे बसलो. पप्पांनी किक मारली. मामा पायरीपर्यंत सोडायला आले. मी निरोप पोचवायला तयार झालो, सवयीने. पण मामांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"भावोजी," ते पप्पांना म्हणाले, "सवकास वचात. रस्तो खराब आसा."

पप्पांनी मान हलवली, आणि आम्ही निघालो.

वीसच्या स्पीडने निघालो. आधी मला वाटलं, गावातून बाहेर पडेपर्यंत असेल. गाव संपलं. काटा वीसवरच. पुढे रस्ता चांगला डांबरी आहे, तिथेही वीस. खड्डा दिसला की पप्पा पाय खाली टेकून, अलगद, अंड्यांची करंडी नेल्यासारखी स्कूटर नेत होते. भाजीची रिक्षा आम्हाला ओलांडून गेली. सायकलवाला ओलांडून गेला, आणि त्याने वळून बघितलं.

"पप्पा, जोरात! साडेपाच झाले!"

"मेव्हण्यानं सवकास जायला सांगितलंय," पप्पा म्हणाले.

"अहो, पण मुदत आहे!"

"आयकलंस न्हवं? मला म्हणाला."

मी विनवण्या केल्या. ओरडलो. उतरून धावतो, असंही म्हटलं. गुडघा चांगला असताना मी त्या स्कूटरपेक्षा जोरात धावलो असतो. मागून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त मान दिसत होती, ताठ, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं हँडल. डिचोली बाजारात पोचलो तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. झेरॉक्सवाल्याने अकरा पानं स्कॅन केली, पाठवली. दहा मिनिटांत मॅनेजरचा फोन आला. सॉरी, म्हणाला. सहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी दुसऱ्या डाव्या बॅकचं नाव टाकलं होतं.

मी तो कागदांचा गठ्ठा हातात घेऊन घरी आलो. पप्पांशी एक शब्द बोललो नाही. ठरवलं होतं की आईसमोर सगळं काढायचं, मामा, काका, देव, पंखा, स्कूटर, सगळं, आज कोणाला सोडायचं नाही. आई दारातच उभी होती. माझ्या हातात कागद होते, चेहऱ्यावर काय होतं ते तिला दिसायला हवं होतं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"दादा कितें म्हणालो?" तिने पप्पांना विचारलं.

पप्पांनी स्कूटर स्टँडवर लावली, चावी काढली, हात पुसले.

"मला भावोजी म्हणाला," ते म्हणाले.

आई दाराच्या पायरीवरच मटकन बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली, आणि पप्पा तिच्या शेजारी, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, चपला न काढता बसले. मी दोघांना ओलांडून आत गेलो, अकरा पानं फ्रिजवर ठेवली आणि तिघांसाठी चहा टाकला.